वरचं वर, खालचं खाली

"चिनू एवढ्या पुढे बसणार नाही," मी म्हटलं.

"मग काय लक्ष्मीला मागे इंजिनाच्या धुरात बसवू या, वहिनी?" मकरंदभावोजी हसले आणि वेताची खुर्ची आणखी वीतभर पुढे सरकवली. मोबाइलमधून बघत म्हणाले, "हां. आता कशी फ्रेममध्ये आली!"

खुर्ची हाउसबोटीच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला मांडली होती. तिच्यासमोर कठडा. कठड्याला दोनच आडव्या नळ्या, आणि त्या दोन नळ्यांमधून माझी तीन वर्षांची मुलगी आरपार निघून गेली असती. हे मी आदल्या संध्याकाळी हात लावून बघून ठेवलं होतं. मी सगळंच हात लावून बघते. गॅसचा कॉक, विहिरीवरची जाळी, गाडीचं दार. सासरी त्यावर विनोद होत असत आणि मी ते ऐकून घेत असे.

"लहान मुलाचं लाइफ जॅकेटसुद्धा नाहीये," मी म्हटलं.

"खाडी आसा गो ही, समुद्र न्हय," अण्णा म्हणाले. अण्णा माझे सासरे. हायस्कूलचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले, आणि गावात कुणाचंही लग्न, वास्तुशांत, विहीर त्यांना मुहूर्त विचारल्याशिवाय होत नसे. "घाटावरच्या माणसाक पाणी दिसला की भियाच वाटता. आमच्या घरातली पहिली नात ती. नवी होडी घराकडे येताना पुढे घरची लेक बसता, मांडीवर कलश घेऊन. माझी आत्या बसली होती, माझी बहीण बसली होती. कोण बुडाला नाय."

मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. हेरंब खाली धक्क्यावर दोर सोडवत होता. वर बघून तो म्हणाला, "बसू दे ना, ऋजुता. थोडा वेळच तर आहे."

ही बोट घेण्याचं त्याच्याच डोक्यात आलं होतं. पुण्यातली नोकरी सोडून आम्ही सडेवाडीला, खाडीच्या तोंडाशी, घरातल्या चार खोल्या पाहुण्यांसाठी चालवायला घेतल्या होत्या. वर वरवण्याला एक रिसॉर्ट बंद पडलं, त्यांची दुमजली हाउसबोट विकायला निघाली. खाली झोपायच्या खोल्या, वर मोकळी गच्ची, गच्चीवर लोखंडी खांबांचा पत्र्याचा मांडव. बोट आमची झाली, पण उभी होती वरवण्याच्या धक्क्याला. खाडीतून पार खाली सडेवाडीपर्यंत ती आणायची, हा त्या दिवसाचा कार्यक्रम होता. मी चिनूला घेऊन एसटीने जाते म्हटलं होतं. ते तर कुणी ऐकूनच घेतलं नाही.

शेवटी तडजोड झाली. मी माझी ओढणी काढली, चिनूच्या कमरेभोवती घेतली आणि खुर्चीच्या पाठीला पक्की गाठ मारली.

"बांधलंस काय गो चेडवाक, म्हशीसारख्या?" सासूबाई म्हणाल्या. पण त्यांनी गाठ सोडली नाही. उलट एकदा ओढून बघितली.

मांडवाच्या पुढच्या आडव्या खांबाला झेंडूची माळ होती. तिच्याखाली चिनू जरीचं परकर-पोलकं घालून, मांडीवर तांब्याचा कलश धरून बसली होती. कलशावरच्या नारळाला ती मधूनमधून "बाळ, गप" म्हणत होती.

अण्णांनी घड्याळात पाहिलं. "दाजी, गाऱ्हाणां घाल. वेळ झाली."

दाजी तांडेल बोट चालवणार होते आणि देवाला गाऱ्हाणंही तेच घालणार होते. आमच्या गावात तो मान त्यांच्या घराण्याचा. ते खाली बोटीच्या नाळेपाशी, पुढच्या टोकाला, उभे राहिले. भरती पूर्ण भरली होती, पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलं होतं आणि जराही हलत नव्हतं. दाजी डोळे मिटणार तेवढ्यात सासूबाई त्यांच्या कानाशी लागल्या. त्यांनी मान हलवली.

"बा देवा महाराजा!"

"होय महाराजा!" आम्ही सगळे.

"आज ह्या लेकरांनी ही नवी होडी घेतल्यानी हा, ती तुझ्या पायाशी रुजू केल्यानी हा..."

"होय महाराजा!"

"तिका सुखरूप घरच्या धक्क्याक लाव रे महाराजा!"

"होय महाराजा!"

"आणि वाटेत वरचां वर ऱ्हवांदे, खालचां खाली ऱ्हवांदे रे महाराजा!"

"होय महाराजा!"

ह्या वेळचं 'होय महाराजा' आधीच्यापेक्षा मोठं निघालं. मकरंदभावोजींनी तर मोबाइल खाली घेऊन म्हटलं. हेरंबचे डोळे घट्ट मिटलेले होते. एरवी आरतीच्या वेळी दारात उभा राहून फोन बघणारा माणूस. मला बरं वाटलं. मला वाटलं, नवीन काम सुरू करतोय, देवाची आठवण झाली असेल. शब्दही मला आवडले. वर आभाळ, खाली पाणी, असंच काहीतरी मी समजले, आणि मीही मोठ्याने म्हटलं होतं.

नारळ फुटला. बोट निघाली.

पहिला तासभर खरंच सुंदर होता, हे मी कबूल करते. दोन्ही काठांना कांदळवन होतं, भरतीने त्याची मुळं बुडालेली, झाडं नुसती पानांवर तरंगत असल्यासारखी. पाणकावळे पंख पसरून खुंटांवर बसलेले. कुठे एखादी बाई कालवं काढायला निघालेली, आमची बोट बघून कमरेवर हात ठेवून उभी राहायची आणि ओरडायची, "खंयची गो ही?" मकरंदभावोजी वरून उत्तर द्यायचे, "सडेवाडीची! येवा जेवूक!"

मी मात्र हेरंबकडे बघत होते. तो खाली, सुकाणूवर बसलेल्या दाजींच्या शेजारी हातात लांब बांबू घेऊन उभा होता आणि काठाकडे सारखं वाकून बघत होता. पक्ष्यांकडे नाही, माणसांकडे नाही. कांदळाच्या मुळांकडे.

मी जिन्यातून खाली वाकले. "काय बघतोयस?"

"काही नाही. पाणी."

"पाण्याचं काय?"

"सुकती लागली का बघतोय. पाणी उतरायला लागलं का."

"नाही लागली तर?"

"काही नाही गं. तू वर जा. चिनूजवळ बस."

दाजी पुटपुटले, "अजून लागाक नाय. लागतली." आणि त्यांनी इंजिन आणखी हळू केलं.

वरून लगेच अण्णांचा आवाज आला. "दाजी, कित्याक रे गोगलगायीसारखो चालवतस? बारापर्यंत घरच्या धक्क्याक लागाक होयी! माणसां जमली असतली थंय!"

दाजींनी हेरंबकडे पाहिलं. हेरंबने मान खाली घातली. इंजिनाचा आवाज पुन्हा वाढला.

मी वर आले. हे दोघंही काहीतरी गिळतायत एवढं मला कळत होतं. काय ते कळत नव्हतं. मला वाटलं, इंजिनात बिघाड असेल. मी मनात काठ मोजायला लागले: इथे बुडालो तर कुठला जवळ, इथे कुठला.

"आई," चिनू म्हणाली. "शू."

अण्णा मागे, जिन्याच्या तोंडाशी आरामखुर्चीत बसले होते. त्यांनीच आधी ऐकलं. "आता नाय बाळा. जरा थांब. देवबांदचा वळण जाऊ दे. थंय राखणदाराचा स्थान आसा. तेच्यासमोरून कलश जाऊक होयो. मग जा."

"किती लांब आहे?" मी विचारलं.

"हां काय, समोरच्या वळणाच्या पलीकडे."

"आई, जोरात शू."

"अण्णा, ती नाही थांबणार."

"लेक उठली तर कलश उठलो. कलश वाटेत उठवत नाय." अण्णांचा आवाज शाळेतला झाला. "एवढां लहान चेडू आसा, परकरात केलां तरी काय बिघडात नाय."

मकरंदभावोजी हसले. "वहिनी, एडिट करू आपण ते."

आणि त्या हसण्यानं माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. सकाळपासूनची खुर्ची, कठडा, जॅकेट, घाटावरची, म्हशीसारखी, सगळं एकदम वर आलं. माझी मुलगी मांडीवर तांब्या धरून, दोन्ही पाय एकमेकांवर आवळून, डोळ्यांत पाणी आणून बसली होती आणि चार मोठी माणसं तिला देवाच्या नावानं ओली करायला निघाली होती.

मी गाठ सोडायला वेळ घालवला नाही. ओढणीच्या विळख्यातून तिला वर उचललं, कलश तिच्या हातातून घेतला आणि खुर्चीत ठेवला.

"ऋजुता!" अण्णा उठून उभे राहिले. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मला त्यांनी कधी नावानं हाक मारली नव्हती. "देवाचो मान मोडतंस तू!"

"मोडू दे," मी म्हटलं.

"हिचां काय ता..." सासूबाई म्हणाल्या आणि माझ्यामागे जिना उतरल्या.

संडास बोटीच्या पार मागच्या टोकाला होता. मी चिनूला आत बसवलं, परकर वर धरून उभी राहिले. सासूबाई दाराबाहेर. त्या काहीतरी पुटपुटत होत्या, मला वाटलं मला शिव्या. मग वरून मकरंदभावोजींची किंकाळी आली. पाठोपाठ इंजिन उलटं फिरवल्याचा घरघराट, आणि उजेड गेला. संडासाच्या छोट्या खिडकीतून मी काँक्रीटचा शेवाळलेला खांब सरकताना पाहिला. मग लोखंडानं लोखंडाला खरवडल्याचा आवाज. तो मी आजही सांगू शकत नाही. दात करकरतात.

बोट थांबली. चिनू म्हणाली, "झाली."

मी तिला कडेवर घेऊन वर धावले. वर गच्ची नव्हती. म्हणजे होती, पण मांडव मागे ढकलला जाऊन तिच्यावर झोपला होता. आम्ही देवबांदच्या पुलाखाली होतो, आणि पुलाच्या पोटाखालून नळपाण्याचा जाडजूड काळा पाइप गेला होता. मांडवाचा पुढचा खांब त्यात अडकला, वाकला आणि पत्र्यासकट आडवा आला. मकरंदभावोजी पालथे पडल्यामुळे वाचले होते, कपाळावरून रक्त येत होतं. अण्णा जिन्याच्या कोपऱ्यात सुखरूप, पण बसल्या जागी थिजलेले. आणि पुढे, झेंडूच्या माळेखाली, वेताची खुर्ची. तिची पाठ आणि बैठक एक झाली होती. मधून माझ्या ओढणीचं टोक बाहेर लोंबत होतं. गाठ पक्की होती, सुटली नव्हती.

कलश कुठेच नव्हता. नारळ पाण्यात तरंगत होता.

"बाळ पडलं," चिनू बोट दाखवून म्हणाली.

पुलावर देवबांदची माणसं गोळा झाली. दाजींनी बोट बांबूनं रेटत पुलाखालून काढली, पलीकडच्या धक्क्याला लावली. मग अण्णा बोलले.

"कलश जाग्यावरून हलवलो," ते म्हणाले. माझ्याकडे न बघता, पाण्याकडे बघत. "राखणदाराच्या दारात हलवलो. आणखी काय होतला?"

मी त्या खुर्चीकडे बघत होते. बोलले ते दाजी, तेही स्वतःशीच, दोर बांधता बांधता: "मी आधीच म्हटलंय, पूर्ण भरतीक मांडव लागतलो म्हणान."

"कुणाला म्हटलंत?" मी विचारलं.

दाजी दचकले. "काय नाय, वयनी."

"दाजी, कुणाला म्हटलंत?"

त्यांनी हेरंबकडे बोट दाखवलं नाही. नुसतं पाहिलं.

"तुला माहीत होतं?" मी हेरंबला विचारलं.

"जुन्या मालकानं फोनवर सांगितलं होतं," तो म्हणाला. "की मांडव उतरवून ठेवा, नाहीतर पाणी अर्धं उतरल्यावर निघा. पण मांडव उतरवला तर पूजा कुठे मांडणार? आणि मुहूर्त भरतीचाच निघाला. मला वाटलं येईपर्यंत उतरेल थोडं. हातभर जागा राहील असं वाटलं होतं, ऋजुता."

"मग अण्णांना का नाही सांगितलंस?"

"अण्णांना कोण सांगणार?" हे मकरंदभावोजी. कपाळाला रुमाल लावून. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. "आख्ख्या वाडीला मुहूर्त कळवून झाला होता, वहिनी. मला वाटलं दादा बोलेल."

"आणि मला वाटलं दाजी बोलतील," हेरंब म्हणाला.

"आणि मला? मला सांगायला कुठला मुहूर्त आडवा येत होता?"

"तू घाबरली असतीस."

त्या वाक्याला मी आजपर्यंत क्षमा केलेली नाही. मी घाबरले असते. बरोबर. मी घाबरले असते आणि माझी मुलगी त्या खुर्चीत बसली नसती. माझं घाबरणं म्हणजे त्या घरातला करमणुकीचा विषय होता, आणि त्यांचं घाबरणं? ते एका म्हाताऱ्या माणसाला घाबरत होते, पाइपला नाही. आणि त्या भीतीची किंमत म्हणून पुढे कुणाला बसवलं होतं?

मी सासूबाईंकडे वळले. ती बाई माझ्या मुलीच्या तापात माझ्यासोबत जागलेली. "आई, तुम्हालाही?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. "मी सांगलंय गो."

"कुणाला?"

"देवाक," त्या म्हणाल्या. "दाजीच्या कानात सांगान गाऱ्हाण्यात घालूक लावलंय. वरचां वर ऱ्हवांदे, म्हटलां नाय? तू पण होय म्हटलंस."

मी म्हटलं होतं. सगळ्यांत मोठ्यानं. पुलाचा पाइप वर राहू दे, बोटीचा मांडव खाली राहू दे. एका माणसाला सांगायची गोष्ट त्यांनी देवाला सांगितली होती, त्या माणसाच्या समोर, त्याच्या हातातल्या घड्याळाच्या ठोक्यावर, आणि सगळ्यांनी मिळून त्यावर होय म्हटलं होतं. ते कशाला होय म्हणतायत, हे एकट्या मलाच ठाऊक नव्हतं. मला आणि चिनूला.

अण्णा अजून पाण्याकडेच बघत होते. त्यांना काही ऐकू येत नसल्यासारखे.

मी चिनूच्या चपला शोधल्या आणि धक्क्यावर उतरले.

"खंय चललंस?" सासूबाई.

"ऋजुता, असं काय करतेस? तिकडे सगळे थांबलेत आपल्यासाठी," हेरंब माझ्यामागे उतरला. "तुम्ही दोघी नाही दिसलात तर काय सांगू मी लोकांना?"

"लोकांना नको," मी म्हटलं. "देवाला सांग."

देवबांदच्या एका बाईनं आम्हाला ओसरीवर बसवलं, चिनूला पेज दिली, रिक्षा बोलावून दिली. मी कुडाळला गेले आणि तिथून एसटीनं कराडला, माझ्या आईकडे. हेरंब न्यायला आला तो बऱ्याच दिवसांनी. म्हणाला, "मी बोलायला हवं होतं." मी विचारलं, "कुणाशी?" तो अण्णांशी म्हणेल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "तुझ्याशी." म्हणून परत आले.

बोट चालली, चांगली चालली. मांडव नवीन केला, बुटका. आणि त्या दिवसाची गोष्टही नवीन झाली. ती अण्णा पाहुण्यांना सांगत, संध्याकाळी गच्चीवर, शुद्ध मराठीत, शाळेतल्यासारखी. मी भज्यांची ताटं घेऊन वर येत असे आणि ती ऐकत असे. दर हंगामात तिच्यातून काहीतरी गळत असे. आधी मुहूर्त गळला. मग दाजी गळले. ओढणी तर कधी नव्हतीच. शेवटी उरलं ते एवढंच: संकट आलं, आणि लक्ष्मी पुढे बसलेली असल्यामुळे टळलं.

मी कधी बोलले नाही. पाहुण्यांसमोर म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं, असं म्हणत राहिले. म्हणजे पाहा, मीही त्याच घरची झाले होते. पण चिनू विचारायची, आणि चिनूला मी सगळं सांगितलं होतं. खुर्चीसकट.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. नागपूरचं एक कुटुंब आलं होतं. अण्णा रंगात आले होते. "मांडव अख्खा गेला," ते म्हणत होते, "पण माणूस एक गेला नाही. का? तर अगदी पुढे, कलश घेऊन, ही माझी नात बसली होती. साक्षात लक्ष्मी!"

नागपूरच्या बाईंनी कौतुकानं चिनूकडे पाहिलं. चिनू अकरा वर्षांची, हातात कोकम सरबताचा ट्रे.

"आजोबा," ती म्हणाली, "मी तेव्हा शू करत होते."

सगळे खदखदून हसले. नागपूरचे काका तर ठसका लागेपर्यंत. चिनू हसली नाही. ट्रे खाली ठेवून ती अण्णांच्या समोर जाऊन उभी राहिली.

"पाइप आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

हसणं विरलं. जिन्यात हेरंब थांबला होता, त्याच्यामागे सासूबाई. आम्ही सगळ्यांनी त्या दिवशी जी गोष्ट अण्णांपासून लपवली, ती अण्णांना तेव्हा माहीत नव्हती, असंच इतकी वर्षं आम्ही धरून चाललो होतो. मीसुद्धा. माझा सगळा राग बाकीच्यांवर होता. त्यांच्यावरचा वेगळा होता, जुन्या वळणाच्या माणसावर असतो तसा.

अण्णांनी हातातला पेला बघितला. त्यांची शुद्ध मराठी गेली.

"होतां," ते म्हणाले. "मालकान पयलो फोन माकाच केल्यान."

"मग?"

"मुहूर्त सगळ्यांका सांगान झालेलो, बाळा."

"मग मला का बसवलं पुढे?"

अण्णा पाण्याकडे बघायला लागले. खाली पाणी उतरत होतं, कांदळाची मुळं उघडी पडत चालली होती. चिनू उत्तराची वाट बघत तिथेच उभी राहिली, आणि ह्या वेळी होय महाराजा म्हणायला आमच्यातलं कुणीही पुढे आलं नाही.